लेआउटच्या पोटात लेआउट

बुधवार

क्यूटीत (खिडक्या, बटणं बनवायची प्रोग्रामिंग लायब्ररी) खिडकी बांधताना झाडं दोन असतात, एक लेआउटचं (कोण कुठे बसेल ते ठरवणारा) आणि एक विजेटचं (बटण, चौकट असे पडद्यावरचे घटक). उभ्या लेआउटमध्ये आडवा लेआउट घातला की पहिल्या झाडात तो खाली जातो. पण त्या आडव्या लेआउटमधल्या बटणाचा पेरेंट, म्हणजे ते ज्याच्या पोटात आहे तो घटक, विचारा, लेआउटचं नाव निघणारच नाही. ज्या विजेटवर सगळ्यात वरचा लेआउट बसवलाय, तोच पेरेंट. लेआउट फक्त जागा वाटतो. 'ॲड केलं पण सापडत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

बिलाची खिडकी घेऊ. टॅब, त्यात स्क्रोल एरिया, त्यात उभा लेआउट आणि त्यात ओळी: वस्तू, नग, दर, 'काढा' बटण. ओळी वर चिकटून राहाव्यात म्हणून शेवटी ॲडस्ट्रेच, म्हणजे उरलेली जागा व्यापणारा रिकामा भाग. आता 'ओळ वाढवा' दाबल्यावर साधं ॲडविजेट केलं, तर नवी ओळ स्ट्रेचच्याही खाली, पार तळाला जाऊन बसते. कारण स्ट्रेच हाही लेआउटचा एक आयटम, काउंटमध्ये तोही धरला जातो. म्हणून इन्सर्टविजेट वापरायचं आणि जागा द्यायची काउंट वजा १. आयटमॲटने (क्रमांकावरून आयटम देणारं फंक्शन) फेरी मारतानाही हे भान हवं: स्ट्रेचच्या किंवा आतल्या लेआउटच्या आयटमला विजेट मागितलं की पायथनमध्ये नन (None, म्हणजे काहीच नाही) मिळतं, आणि न तपासता पुढचं फंक्शन बोलावलं की प्रोग्राम तिथेच अडतो.

प्रत्येक ओळ नुसता आडवा लेआउट म्हणून घालू नये, हे माझं ठाम मत. लेआउटला हाइड नाही, सेटव्हिजिबल नाही. ओळ काढायची तर चारही विजेट एकेक करून उचलावे लागतात. त्यापेक्षा ओळीसाठी एक रिकामं क्यूविजेट, त्यावर आडवा लेआउट. मग 'काढा' बटणाचा पेरेंट म्हणजे थेट ओळच. किंमत एवढीच, की विजेटवर बसवलेल्या लेआउटला स्टाइलच्या मार्जिन (कडेच्या मोकळ्या जागा) लागतात आणि ओळींमध्ये फटी पडतात. सेटकंटेंट्समार्जिन्सला चार शून्यं दिली की मिटलं. नुसत्या आत घातलेल्या लेआउटला मार्जिन मुळातच शून्य असतात, म्हणून हा फरक आधी लक्षात येत नाही.

आतला लेआउट बनवताना कंसात सेल्फ (म्हणजे ते विजेट स्वतः) लिहायची सवय असते. तसं केलं की तो लगेच त्या विजेटवर बसायला जातो, आणि विजेटवर आधीच लेआउट आहे असा इशारा कन्सोलवर उमटतो. आतल्यासाठी कंस रिकामा, मग ॲडलेआउट.

शोधायला फाइंडचाइल्ड. प्रकार आणि ऑब्जेक्टनेम (आपण विजेटला दिलेलं नाव) दिलं की कितीही खोल असो, सापडतं. 'दर' हे नाव प्रत्येक ओळीत चालेल, फक्त शोध ओळीपासून सुरू करायचा. खिडकीपासून केला तर कुठली तरी एकच ओळ हाती येते. पेरेंटचा पेरेंट असं चढत जाणं मात्र टाळावं. टॅबच्या पानाचा पेरेंट टॅबविजेट नसतो, मधे क्यूटीचं स्वतःचं स्टॅक्डविजेट असतं. स्क्रोल एरियातही मधे व्ह्यूपोर्ट (दिसणाऱ्या भागाचं विजेट) आहे. खिडकीच हवी असेल तर विंडो हे फंक्शन आहेच.

फाइंडचिल्ड्रन जुळणारी सगळी विजेट देतं, पण त्याचा क्रम पडद्यावरचा नसतो. शून्य जागी घुसवलेली ओळ दिसते सर्वांत वर, यादीत येते शेवटी. बेरजेला फरक पडत नाही, छापायच्या बिलाला पडतो. तिथे आयटमॲटच बरा.

ओळ काढताना रिमूव्हविजेट पुरत नाही. ओळ लेआउटमधून सुटते, पण पेरेंट तोच राहतो आणि ती जुन्या जागी तशीच दिसत राहते. नुसतं डिलीटलेटर केलं तर इव्हेंट लूपकडे (क्लिकसारख्या घटना एकेक हाताळणारी फेरी) परत जाईपर्यंत ओळ जिवंत असते, आणि लगेच काढलेल्या बेरजेत तिचे पैसे धरले जातात! आधी सेटपेरेंट नन, मग डिलीटलेटर.

नवी ओळ दिसावी म्हणून लगोलग एन्शुअरविजेटव्हिजिबल बोलावलं तरी स्क्रोल तिच्यापर्यंत जात नाही. ओळीचा आकार तेव्हा अजून कोराच असतो, लेआउटने तिला जागा दिलेलीच नसते. सिंगलशॉट टायमर शून्यावर लावून ते काम पुढच्या फेरीत ढकललं की सहसा भागतं.