माणसाच्या चालीने

सोमवार, रात्री उशिरा

आज ते रेल्वे इंजिनाचं चिमुकलं मॉडेल कपाटातून खाली काढलं. नऊ वर्षांपूर्वी पितळी पत्र्याचे सुटे भाग जोडून केलं होतं. तेव्हापासून रुळाच्या वीतभर तुकड्यावर नुसतं उभं आहे. चाकं फिरतात, पण बोटाने ढकलली तरच. मोटर बसवायचं तेव्हा धाडस झालं नव्हतं. बॉनेट उचलून आत पाहिलं की जागाच दिसायची नाही.

लांबी ३४ मिमी, रुंदी १४, उंची २५. खाणीत, वीटभट्टीत, जंगलतोडीच्या कामावर ६०० मिमी रुंदीच्या रुळांवर जी चार चाकांची, चार टनांची डिझेल इंजिनं राबायची, त्यातल्या एकाचं हे १:८७ प्रमाणातलं रूप. ६०० ला ८७ ने भागलं की ६.९ मिमी येतात. तेवढ्या मापाचा रूळ सहज मिळत नाही, म्हणून ६.५ मिमीचा झेड गेज वापरायचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). मेर्क्लिन या जर्मन मॉडेल कंपनीने १९७२ साली तो नेहमीच्या रुंद रुळांवरच्या गाड्यांच्या १:२२० प्रमाणातल्या मॉडेलांसाठी आणला. त्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, आमच्या कामाला फार बारीक आणि फार दाट. ते काढून जाड, विरळ आणि जरा वेडेवाकडे लावले की रूळ खाणीतला वाटायला लागतो.

याहून लहानही असतं. जपानमध्ये निघालेल्या टी गेजमध्ये रूळ ३ मिमीचा आणि प्रमाण १:४५०. मला तेवढं लहान नको. ड्रायव्हरचं तोंड कुठे वळलंय हे दिसलं पाहिजे.

मला हे इंजिन पळवायचं नाही. चार उघडे डबे ओढत ते माणसाच्या चालीने जाताना बघायचं आहे. नऊ वर्षं मनात हेच आहे.

बुधवार

मोटर आली. ६ मिमी व्यासाची, १२ मिमी लांब. तळहातावर ठेवली तर वजन कळत नाही. ही कोअरलेस जात. साध्या मोटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, लोखंडी गाभा असतो आणि तो चुंबकाशी अडत अडत फिरतो. दांडा बोटाने फिरवला की ते अडखळणं हाताला लागतं. कोअरलेसमध्ये गाभाच नाही. तांब्याच्या तारेची स्वतःच्या आधाराने उभी राहणारी पोकळ टोपली तेवढी फिरते. फ्रिट्झ फाउलहाबर या जर्मन इंजिनिअरने ही तिरकी गुंडाळी शोधली. तिच्यामुळे आज माझ्या बॉनेटमध्ये जागा झाली, म्हणून त्यांचं नाव इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी उत्साहाच्या भरात मोटरच्या दांड्यावर वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) चढवला, मागच्या आसावर २० दात्यांचा गिअर बसवला आणि दीड व्होल्ट दिले. इंजिन टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला कधी गेलं कळलंच नाही. हातात पकडलं म्हणून खाली पडायचं वाचलं.

मग कागद घेऊन बसले. हे आधी करायला हवं होतं. मोटर मिनिटाला साधारण ८,००० फेरे घेते असं धरलं. एका आट्याचा वर्म आणि २० दाते म्हणजे चाकाचे मिनिटाला ४०० फेरे. चाक ५.७ मिमीचं, परीघ सुमारे १८ मिमी. सेकंदाला १२० मिमी झाले. याला ८७ ने गुणलं तर ताशी ३७ किलोमीटरच्या वर! खऱ्या इंजिनाने या वेगाने पहिल्याच वळणावर रूळ सोडला असता.

व्होल्टेज कमी करून भागत नाही. फार कमी दाबावर मोटरला जोरच उरत नाही. ती आधी हलत नाही आणि हलली की एकदम उसळी घेते. वेग गिअरमध्येच मारायला हवा.

शनिवार

ज्यांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली त्या काकांकडे सकाळी गेले. आता ते काम करत नाहीत, पण भिंग अजून खिशात असतं.

नवी जुळणी अशी ठरली. वर्म २४ दात्यांच्या गिअरवर. त्याच दांड्यावर ८ दात्यांची पिनियन, म्हणजे लहान गिअर, आणि ती आसावरच्या २० दात्यांच्या गिअरवर. २४ गुणिले अडीच (२० भागिले ८), म्हणजे ६० ला १: मोटरचे ६० फेरे, चाकाचा एक. मला आसावर ३० दात्यांचा गिअर लावायचा होता, म्हणजे एकदम ९० ला १ मिळाला असता. पण ०.२ मॉड्युलमध्ये (हे दात्याचं माप) ३० दात्यांचा गिअर ६.४ मिमीचा होतो. चाकापेक्षा मोठा! तो रुळाच्या माथ्याखाली उतरला असता. या प्रमाणात असंच होतं. हिशेब कागदावर जुळतो आणि दोन दशांश मिलिमीटरला अडतो.

गिअर एकमेकांत किती रुतवायचे, ही खरी मेख. घट्ट बसले तर मोटर गुरगुरते, सैल राहिले तर दाते झिजतात आणि इंजिन झटके खातं. मोठ्या मॉडेलमध्ये दोन गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी धरून अंतर ठरवतात. इथे साधा कागद म्हणजे भिंत. काकांनी टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा सोडवून दिला. तो दात्यांमध्ये घालून दांडा जागेवर टेकवला, सोल्डर केलं आणि मग पापुद्रा ओढून काढला.

पुढे जाताना आवाज गोड आला, मागे जाताना कर्कश. मी भिंगातून दाते निरखत होते. काका म्हणाले, "अगं, डोळे लावून काय बसलीस? कान लाव. दाते ठीक आहेत, दांडा पुढेमागे सरकतोय." खरंच होतं. वर्म फिरताना दांड्याला एका बाजूला रेटतो, दिशा बदलली की दुसऱ्या बाजूला, आणि मागच्या बाजूला टेकायला काही नव्हतंच. एक दशांश मिलिमीटरचा वॉशर घातला. गुरगुर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

तेल सुईच्या टोकाने. तेही टोकावर जेवढं चिकटेल त्याच्या निम्मं. जास्त झालं की ते आसावरून चाकावर उतरतं आणि मग रुळातून वीज मिळत नाही.

रविवार

दिवस विजेपायी गेला. इंजिन तीन बोटं चालायचं आणि थांबायचं. बोटाने टोचलं की पुन्हा चालायचं.

दुपारभर विचार करत होते. लांबी ८७ ने लहान केली की वजन ८७ च्या घनाने कमी होतं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीने. चार टनांचं इंजिन ६ ग्रॅमचं होतं. ६ ग्रॅम चार चाकांवर वाटले तर एका चाकाखाली दीड ग्रॅम. पण रुळावरची धूळ, तेलाचा थर, धातूवर चढलेली काट, हे कुठे ८७ पटीने लहान होतं? धुळीचा कण खऱ्या रुळावर असतो तेवढाच इथेही असतो. खरं इंजिन त्याचा चुरा करून पुढे जातं, माझं त्याच्यावर चढून अडतं. त्यात माझी मोटर ३ व्होल्टची. १२ व्होल्टचा दाब जो पातळ थर भेदून गेला असता, तिथे हिची वीज अडते.

तीन गोष्टी केल्या. पहिली, पुढचा आस मोकळा केला. त्याची भोकं उभी लांबट कानसली आणि मधोमध एका तारेच्या टेकूवर तो झुलता ठेवला. चार पक्क्या चाकांपैकी एक नेहमी हवेत असतं, हे तीन पायांच्या आणि चार पायांच्या स्टुलावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असेल. आता चारही चाकं रुळावर टेकतात. दुसरी, ०.२ मिमीच्या फॉस्फर ब्राँझच्या तारेचे स्पर्शक नव्याने वळवले. चाकाच्या पाठीला ती तार नुसती टेकायला हवी, दाबायला नको. दाब थोडा जरी जास्त झाला तरी तोच ब्रेक होतो. सहाव्या प्रयत्नात जमलं. तिसरी, टंगस्टनची पूड मिसळलेली पुट्टी बॉनेटच्या नाकात, कॅबच्या (ड्रायव्हरच्या खोलीच्या) जमिनीखाली, जिथे पोकळी दिसली तिथे भरली. नुसत्या टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३. पुट्टी त्यापेक्षा हलकी असते, पण ती हव्या त्या कोपऱ्यात दाबून बसवता येते. काटा आता ९ ग्रॅम दाखवतो. मोटर मागच्याच आसाला जोडलेली, म्हणून वजनही तिकडे जास्त ठेवलं.

रात्री अकराला इंजिन न थांबता रूळ बसवलेल्या पूर्ण फळीभर गेलं. मी पुन्हा सोडलं, पुन्हा गेलं. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही.

गुरुवार

चार दिवस नटवण्यात. हे काम मला मोटरइतकंच प्रिय आहे, पण लिहिण्यासारखं कमी आहे. ते हातातच राहतं.

कॅबच्या दोन्ही बाजूंचे कठडे आधी ०.५ मिमीच्या तारेचे होते. खरा पाइप इंचाचा, म्हणजे ०.३ मिमी हवा. नऊ वर्षं ती तार डोळ्याला खुपत होती. आज बदलली आणि सगळं इंजिन एकदम हलकं, खरं दिसायला लागलं. दिव्यात ०४०२ मापाचा एलईडी घातला, १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद. त्याला ०.१ मिमीची इनॅमल तार जोडताना मी श्वास रोखून धरत होते. श्वासाने एलईडी उडतो. पहिला उडालेला अजून सापडलेला नाही.

रंगाबद्दल मात्र नोंद हवी. ब्रशने दिलेला थर ०.०५ मिमी जाड झाला तर खऱ्या मापात तो चार मिलिमीटरहून जाड होतो, भिंतीच्या गिलाव्यासारखा. रिव्हेट बुडतात, पत्र्याच्या कडा गोल होतात. म्हणून प्रायमर आणि हिरवा रंग दोन्ही एअरब्रशने, अगदी पातळ. वर काळपट तपकिरी पाणी फिरवून कापसाने पुसलं, सांध्यांत तेवढं राहिलं. पायरीवर, दाराच्या मुठीपाशी, जिथे हात-पाय लागतात तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासली. धातूची झिजलेली चमक तशीच दिसते. गंज जरासाच. राबणाऱ्या इंजिनाला माणसं तेल-पाणी करतात. त्याला टाकून दिल्यासारखं रंगवणं मला पटत नाही.

ड्रायव्हर २० मिमीचा. गिअरमुळे कॅबमध्ये त्याच्या पायांना जागाच नाही, म्हणून तो कमरेपासून कापावा लागला. वाईट वाटलं. पण डोकं बाहेर काढून मागच्या डब्यांकडे बघतोय असा वळवून बसवल्यावर कुणाला कळणार नाही.

शनिवार, रात्र

काका आले होते. ४० सेंटिमीटरची फळी टेबलावर ठेवली, रूळ स्पिरिटने पुसला, चार डबे जोडले. खोलीतला दिवा मालवला, इंजिनाचा तेवढा ठेवला.

हळूहळू कळ फिरवली. आधी दिवा उजळला. मग, चाकं फिरताहेत की माझे डोळे फसवताहेत अशा शंकेत एक क्षण गेला. आणि इंजिन निघालं. जोडण्या एकेक करून ताणल्या गेल्या, पहिला डबा, दुसरा, तिसरा, चौथा. रुळाच्या सांध्यावर ते किंचित डोललं. पुढचा आस झुलता केला होता ना, त्याने ते डोलणं आलं. मी तसं काही योजलं नव्हतं.

काकांनी घड्याळ लावलं होतं. सत्तावीस सेकंद. मी तिथेच हिशेब केला. सेकंदाला जवळपास १५ मिमी, ८७ ने गुणलं तर ताशी साडेचार किलोमीटरच्या थोडं वर.

"चालत गेलं," काका म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मागे घे बघू."

मागे घेतलं. ती बारीक गुरगुर अजून आहे. काकांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि हाताने खूण केली, अजून एकदा. उद्या ते त्यांच्या डबीतून आणखी पातळ वॉशर शोधून आणणार आहेत.