पेटीतला गंधार

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हाच ठरवलं, की गणिताच्या सरांच्या छडीवर आणि स्नेहसंमेलनातल्या फजितींवर लिहायला बाकीचे समर्थ आहेत. आपण जिन्याखालची संगीताची खोली घ्यावी. वेळापत्रकात संगीताला जेमतेम जागा होती आणि परीक्षा जवळ आली की तो तासही गणित गिळायचं. पण आज मला काय ऐकावंसं वाटतं आणि कशानं डोकं उठतं, याची मुळं शोधत गेलो तर बरीचशी त्याच खोलीत सापडतात.

खोलीत एक पेटी, कायम उतरलेला तबला, खोळीतला तंबोरा आणि चावीचा ग्रामोफोन. संगीताच्या बाई स्वतः फारशा गात नसत. गळा कधीच बसला होता, असं त्याच सांगत. त्यामुळे गाण्यापेक्षा ऐकण्याचेच धडे जास्त झाले. मला वाटतं, आमचं नशीबच ते.

एकदा त्यांनी तंबोरा लावताना आम्हाला भोवती बसवलं. खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या, खालचे मणी सरकवून उरलीसुरली कसर काढली. तरी आवाज बोदाच. मग घोडीवर तारेखाली असतो तो सुताचा दोरा बोटानं केसभर पुढे, केसभर मागे करत राहिल्या. एका जागी दोरा आला आणि तार एकदम उघडली. तोवर टणटण करणारा आवाज गुंजायला लागला. जवारी लागली म्हणतात ती हीच. मग बाई म्हणाल्या, "आता खर्जाच्या तारेकडे कान द्या. गंधार ऐकू येतोय का बघा." तंबोऱ्यात पंचम (प) होता, षड्ज (सा) होते, गंधाराची (ग) तार नव्हतीच. आम्ही एकमेकांकडे बघत हसलो. थोड्या वेळानं पाठीमागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "येतोय." मग हळूहळू सगळ्यांनाच यायला लागला. ज्यांना येत नव्हता त्यांनीही येतोय म्हणून सांगितलं असेल, ते सोडा.

या गंधाराला गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात. तार छेडली की मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही उमटतात. पाचपटीचा जो सूर, तो गंधार. जवारीमुळे हे वरचे सूर ठळक होतात. हे पुढे विज्ञानाच्या तासाला कळलं. बाईंनी मात्र त्या दिवशी एवढंच केलं, की तंबोरा चालू ठेवून पेटीवरचा गंधार दाबला. दोन्ही एकत्र वाजले आणि हवेत बारीक थरथर सुरू झाली. पेटीचा गंधार किंचित चढा होता. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर स्वयंभू गंधार साधारण ३८६ वर पडतो, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग करून जुळवलेल्या पेटीत तो ४०० वर. फरक चौदा सेंटांचा, पण एकदा कानाला कळला की पिच्छा सोडत नाही.

आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती थोडीफार सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही आणि तिचे सूर आपल्या रागांना मानवत नाहीत, हे आक्षेप बाईंना तोंडपाठ होते. ते सांगून झाले की त्याच पेटीवर त्या आमची प्रार्थना बसवायच्या. मला दोन्ही आवडतं, अजूनही. तंबोऱ्याचा गंधार खरा, हे पटतं. पण समूहगान म्हटलं की तो चढा गंधार आणि भात्याची फसफस असल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ग्रामोफोनवरच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या. एका बाजूला फार तर साडेतीन मिनिटं. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी होती. हे खाँसाहेब १९३७ साली गेले. संगीताचे अभ्यासक देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांच्या, प्रयोगांत त्यांनी गळा दिला होता आणि त्या खटाटोपातून श्रुतींची खास पेटीही तयार झाली होती, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं, की सूर लागला की हा माणूस तिथून हलत नाही, आणि तरी साडेतीन मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेली केसरबाई केरकरांची भैरवीही एवढीच, साडेतीन मिनिटांची. तासभर चाललेल्या विलंबित ख्यालात माझी चुळबुळ सुरू होते, ती या तबकड्यांमुळे. जाणकार याला उथळपणा म्हणतात. म्हणोत.

घरी रेडिओ होता आणि त्याच्यावर दोन पक्ष. केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीनं चित्रपटगीतांना आखडता हात घेतला, लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू झाली, हा इतिहास वडील असा सांगत की जणू त्यांचाच सल्ला घेतला होता. मोठा भाऊ सिलोनवाला. लघुलहरींवर गाणं मध्येच बुडायचं आणि दोन ओळी सोडून वर यायचं. बुडालेला भाग आपण मनात भरायचा. कडव्याचे शब्द हमखास चुकायचे, पण मधलं वाद्यसंगीत अचूक पाठ व्हायचं. त्यातून मला सवय लागली ती शब्दांमागे काय चाललंय ते ऐकायची. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतल्या त्या व्हायोलिनच्या फौजेमागे सेबॅस्टियन डिसोझा नावाचे वाद्यवृंद-संयोजक (अरेंजर) होते, हे कितीतरी वर्षांनी कळलं. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. फौज उभी करणाऱ्याचं मात्र बहुधा नाहीच. याचा मला आजही राग येतो.

कुमार गंधर्व मात्र या सगळ्यात कुठंच बसेनात. बाईंनी त्यांचं गाणं ऐकवलं तेव्हा आम्हाला ते तुटक वाटलं. सूर फेकल्यासारखा यायचा आणि मग मोकळी जागा. क्षयानं त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालं होतं, काही वर्षं गाणंच बंद होतं, असं बाईंनी सांगितलं. त्यानं सहानुभूती वाटली, आवड निर्माण झाली नाही. ती आली कॉलेजात, एका मित्राच्या टेपरेकॉर्डरवर, अभ्यासाच्या नावाखाली जागताना. दोन आवाजांमधली ती मोकळी जागा रिकामी नसते, तिथं मागचा तंबोरा बोलत असतो, हे ध्यानात आलं आणि मग मी त्यांचं मिळेल ते ऐकत सुटलो.

आता कुठलंही नवं ध्वनिमुद्रण लावलं की मी आधी साथीला कोण आहे ते बघतो. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावं दिलेली नसतील तर घरात कुरकुर करतो, आणि घरातले दुसऱ्या खोलीत निघून जातात. वर्गातला एक मित्र पहिल्यापासून पेटीवाला. स्वयंभू गंधार ही बाईंनी घातलेली भूल होती, असं त्याचं ठाम मत आहे. त्यानंही या अंकासाठी लेख दिलाय म्हणे. वरचं सगळं तो पहिल्या परिच्छेदातच खोडून काढणार, याची मला खात्री आहे.