उत्खननात तुम्ही काय घालता?

मी पुरातत्त्वात काम करते असे कळले की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलात म्हणून सविस्तर सांगते. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, जाड कापडाची पँट, रुंद काठाची टोपी आणि सपाट तळाचे बूट. मात्र चरात एखाद्या घराची सारवलेली जमीन उघडी पडली की बूट काठावर उतरवायचे, कारण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातल्या) वसाहतीत तीन हजार वर्षांपूर्वी चोपलेली ती जमीन टाचेखाली एकदा खचली की कायमची गेली. डीएनएसाठी हाड उचलायचे असेल तर हातमोजे आणि मास्क हवेतच, नाहीतर नमुन्यात आपलाच डीएनए मिसळतो. चर्चासत्राला मी इतर प्राध्यापिकांसारखी साडी नेसते. त्यात विशेष काही नाही.

तुमच्या मनातला खाकी पोशाखातला, हॅट घातलेला पुरुष आपल्याकडे बराचसा वसाहतकाळातून आला. १९४४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झालेले मॉर्टिमर व्हीलर लष्करी अधिकारी होते, आणि त्यांनी उत्खननाला लावलेल्या शिस्तीचे ऋण मान्य करूनही मला वाटते की तिच्यासोबत आलेली साहेबी ऐट आपण विनाकारण जपली. १९८१ मध्ये देबला मित्रा त्याच पदावर आल्या, त्या पहिल्या महिला महासंचालक; तरी ते चित्र फारसे हलले नाही.

त्या चित्रात कधीच नसते ती खोदकामावरची मजूर बाई. साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट, कमरेला घट्ट खोचलेला पदर, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मातीने भरलेले घमेले आणि पायांत झिजलेली रबरी चप्पल, असा तिचा वेश असतो. खुरपीखाली माती भुसभुशीत लागते आहे, म्हणजे इथे जुना खड्डा असावा, हे अनेकदा आमच्याआधी तिच्या हाताला कळते. पण पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पाहुणे आले की ते टोपीवाल्यांकडेच वळतात आणि छायाचित्रापूर्वी तिला बाजूला व्हायला सांगितले जाते. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून उत्खननाच्या प्रत्येक प्रस्तावात मी मजुरांसाठी बूट, टोप्या आणि हातमोजे यांचा खर्च वेगळा दाखवते, आणि मंजुरीच्या वेळी त्याला कात्री लागली तर पुढच्या प्रस्तावात तो पुन्हा लिहिते.