तुम्ही विचारलंत म्हणून: चढावर दम तुटतो तो वयाने की परागकणांनी?

पन्नाशी ओलांडलेले सायकलस्वार हमखास विचारतात, "शिंका पूर्वीही यायच्या, हंगामही तोच. मग आताच चढावर दम का पुरत नाही? हे वय की ॲलर्जी?"

दोन्ही. तरुण फुप्फुसांकडे भरपूर शिल्लक असते. स्वस्थ बसल्यावर मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा पुरते, जोराच्या चढावर 100 च्या वर लागते, आणि तिशीत तेवढी ओढूनही काही हातात राहते. पुढे एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा दरवर्षी साधारण 25 ते 30 मिलिलिटरने घटते, छातीचा पिंजराही ताठर होतो. पूर्वी ॲलर्जीने आलेली श्वासनलिकांची सूज त्या शिलकीत खपून जायची. आता ती पायांना जाणवते.

नाकाचं मात्र वेगळं आहे. पेडल मारताना चोंदलेलं नाक उलट मोकळं होतं, कारण व्यायामात तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. सायकलवरून उतरल्यावर ते पुन्हा बंद होतं आणि रात्रभर झोप मोडतं. तरुणपणी अशा दोन रात्री निभतात, साठीत निभत नाहीत. म्हणून माझ्या मते आधी झोप बघा, मग वॅट, म्हणजे पेडलवरच्या ताकदीचा आकडा.

छाती तपासायची तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा वेग मोजणारं छोटं उपकरण, घ्या. निघण्यापूर्वी तीनदा जोराने फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. मग जोराची राइड संपल्यावर 5, 10 आणि 15 मिनिटांनी तसंच करा. आकडा 15 टक्क्यांहून जास्त घसरला, किंवा सायकल भिंतीला टेकवल्यावर कोरडा खोकला सुटून श्वास सोडताना बारीक शिटी वाजू लागली, तर श्वासनलिका आवळताहेत. "वय झालं" म्हणून हे सोडून देऊ नका, यावर चांगले उपचार आहेत. पण छातीत दडपण येत असेल, किंवा हंगाम नसतानाही धाप नव्याने लागत असेल, तर पहिली तपासणी हृदयाची.

औषधांची पिशवी मी सगळ्यांनाच उघडायला सांगते. काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा श्वासनलिका आवळू शकतात. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, आणि लोक तो ॲलर्जीचा समजून महिनोन्‌महिने सिरप पीत राहतात. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

सर्दीच्या जुन्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामिनवाल्या, साठीनंतर नकोतच. त्यांनी झोप येते, प्रतिक्रिया मंदावते, तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. वळणावर उतरताना तेवढी सुस्ती महागात पडते. फेक्सोफेनाडिन त्या मानाने जागं ठेवतं, फक्त ते पाण्याबरोबर घ्या. फळांच्या रसाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं. सिटिरिझिनची मात्रा मूत्रपिंड अशक्त असेल तर कमी करावी लागते. चोंदलेलं नाक उघडणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब वाढतो, आणि वाडा (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार लघवीत मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं तर स्पर्धेत ते निषिद्ध आहे.

रोजच्या त्रासाला सर्वांत भरवशाचा म्हणजे नाकातला स्टेरॉइड स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. तो हंगामाच्या एक-दोन आठवडे आधीच सुरू करावा लागतो. राइडच्या सकाळी पहिल्यांदा मारून उपयोग होत नाही, आणि "स्प्रे चालत नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. मान किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने धरा आणि टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवा. मधल्या पडद्यावर मारलात तर रक्त येतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना अधिकच. फवारल्यावर जोरात ओढू नका, औषध घशात जातं. नाक तत्काळ उघडणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन दिवसांपलीकडे नकोत, नाहीतर नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदतं. घरी परतल्यावर जलनेती करायची तर उकळून कोमट केलेलं पाणीच घ्या, लिटरला 9 ग्रॅम मीठ.

एक खूण मात्र ओळखा. खाज नाही, शिंका नाहीत, फक्त गार वाऱ्यात नाक पाण्यासारखं गळतंय, तर ती बहुधा ॲलर्जी नव्हे. वाढत्या वयात हे सर्रास होतं. त्यावर ॲलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, इप्राट्रोपियमचा नाकातला स्प्रे डॉक्टरांना विचारा.

हंगामात वॉर्मअप 15 मिनिटांचा ठेवा आणि त्यात 30 सेकंदांचे पाच-सहा जोराचे झटके घ्या. बऱ्याच जणांच्या श्वासनलिका त्यानंतर तासभर तरी कमी आवळतात. संथ पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते, खुशाल निघा. गडगडाटी वादळात मात्र परागकण फुटून त्यांचे बारीक तुकडे छातीत खोल जातात. 2016 च्या नोव्हेंबरात मेलबर्नमध्ये अशा वादळानंतर हजारो लोकांना दम्याचा झटका आला होता. ढग गडगडू लागले की सायकल आत घ्या.