मधलं नाव

सेम सिक्सचा परीक्षा फॉर्म भरायला कॉलेजजवळच्या नेट कॅफेत गेले होते, तर तिथल्या दादानं स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, नाव नीट बघून घ्या मॅडम, डिग्रीवर हेच छापून येणार, नंतर बोंबलत येऊ नका. बघितलं. माझं नाव, आप्पांचं नाव, आडनाव. इंग्लिशमध्ये आप्पांच्या नावात एक ए कमी आहे, दहावीच्या मार्कलिस्टपासूनच कमी आहे. तेव्हा मी जाम चिडलेले आणि आप्पा म्हणालेले, असू दे की, एका ए नं काय माझं वजन कमी हुतंय व्हय. आता आप्पाच नाहीत. दादाला म्हणलं, बरोबर आहे, करा सबमिट.

आप्पा ऑक्टोबरमध्ये गेले. सकाळी धार काढली, डेअरीला दूध घालून आले, आईला चहा टाक म्हणाले आणि तेवढंच. मी कोल्हापुरात हॉस्टेलवर, गारगोटीची गाडी धरून घरी पोचेपर्यंत अंगणात माणूसच माणूस. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, आणि बाराव्यानंतर चारच दिवसांनी सेम फाईव्हचा पहिला पेपर. एक बॅक राहिला. स्टॅटिस्टिक्सचा होता, आप्पा असते तरी राहिलाच असता, उगाच त्यांच्यावर कशाला ढकलू.

त्यानंतर मी दर शनिवारी गावाला जायचे आणि प्रत्येक शनिवारी आप्पांचं नाव अजून एका ठिकाणाहून कमी झालेलं असायचं. रडायला वेळ नसतो हो घरी, झेरॉक्स काढायच्या असतात. मृत्यूच्या दाखल्याच्या मी स्वतः 20 झेरॉक्स काढल्या, त्याही पुरल्या नाहीत. रेशनकार्ड, बँक, गॅस, सोसायटी. डेअरीचं पुस्तक आईच्या नावावर झालं, म्हशी त्याच, दर 10 दिवसांचं बिलही तेच, फक्त वरचं नाव वेगळं. सुटलं फक्त लाईट बिल, कारण ते अजून आजोबांच्याच नावानं येतं. आजोबा जाऊन 15 वर्षं झाली. बिल आलं की आप्पा दारातनं ओरडायचे, तात्यांचं पत्र आलंय गं! मार्चमध्ये बिल आलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही, आईनं गुपचूप घडी घालून फळीवर ठेवलं.

मग राहिला सातबारा. तलाठी ऑफिसला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण आमच्यात अजून तलाठीच) वारस नोंदीचा अर्ज दिला, नोटीस निघाली, हरकतीचे 15 दिवस गेले, त्या 15 दिवसांत एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारूनही झालं की हक्कसोड कधी करणार, पोरीच्या जातीला जमीन काय करायची. माझी परीक्षा कधी आहे हे मात्र त्याला विचारावंसं वाटलं नाही. असो.

ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांच्यासाठी सांगते, सातबाऱ्यावरनं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. गेलेल्या माणसाचं नाव कंसात, आणि आता ऑनलाईनमध्ये वरनं एक आडवी रेषपण. गावात बोलतानासुद्धा म्हणतात, त्याच्या नावाला कंस झाला. शाळेत गणितात शिकवलेलं की आधी कंस सोडवायचा. हा कंस कसा सोडवायचा ते कुठल्याच सेमला नव्हतं.

भावानं नवीन उतारा व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा मी लेक्चरला बसलेले. झूम करून बघितलं. आप्पांचं नाव कंसात, त्यावर रेष. त्याच्या खाली आम्ही तिघं, आई, भाऊ, मी. आणि मग लक्षात आलं की तिन्ही ओळींत मधे आप्पांचंच नाव आहे. आईच्यापण, कारण लग्नानंतर तिच्या मधे ते आलेलं आणि गेलंच नाही. एकाला कंस केला आणि माणूस खाली तीनदा उगवून आला, तोडलेल्या उसाच्या खोडव्यासारखा. मला एकदम हसूच आलं, सरांनी विचारलं काय झालं, काय सांगणार.

आईला हे फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आणि तुझ्या डिग्रीवर माझं नाव कुठं असतंय? प्रश्न बरोबर होता. मावशीच्या नातीचं बघा, ती 1 मे 2024 नंतरची, म्हणून तिच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईला ते लय आवडतं, चार डब्यांची आगगाडी म्हणते. आमची गाडी तीनच डब्यांची.

मधल्या नावाची अजून एक गंमत म्हणजे शाळेत आम्ही एकमेकींना बापाच्याच नावानं हाक मारायचो. चिडवायला. आप्पांचं नाव इथं लिहीत नाहीये, पण जुनं आहे, प्रत्येक गावात तसे चार तरी सापडतील, आणि वर्गात मला सगळे त्याच नावानं बोलवायचे. माझी शाळेतली मैत्रीण कॉलेजातपण माझ्याच वर्गात आली, ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर हेच ओरडायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ऑक्टोबरनंतर तिनं बंद केलं. एकदम माझ्या खऱ्या नावानं, तेपण हळू आवाजात. सगळेच तसे वागायला लागले, कुणी बाबांबद्दल बोलायला लागलं की दुसरी कोपर मारणार, सेंड ऑफच्या दिवशी सगळ्यांनी आईवडिलांबद्दल दोन शब्द बोलायचे होते तर माझा नंबर शिताफीनं गाळलेला. चांगलीच आहेत पोरं, पण हजेरी सोडली तर ते नाव माझ्या कानावर पडायचंच बंद झालं. आणि शेवटच्या सेमला हजेरी कोण घेतंय.

परवा हॉल तिकीट आणायला गेलो. ऑफिससमोर ही गर्दी, ऊन मरणाचं, मी झाडाखाली उभी होते आणि खिडकीपाशी माझ्या मैत्रिणीचा नंबर आला. तिनं मागं वळून आख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल असं आप्पांच्या नावानं हाक मारली.

आणि तिचं तिलाच कळलं. तोंडावर हात, डोळे हे एवढे.

मी म्हणलं, "ओ!"

"आयकार्ड दे की, ते ओरिजिनल मागायलेत," ती म्हणाली, अजून हात तोंडावरच होता म्हणून नीट कळलं नाही, मला परत विचारावं लागलं.