डेलिया, फुटबॉल आणि शेजारची दोन मुलं

आईशी व्हिडिओ कॉल झाला की पहिली पाच मिनिटं बागेची असतात. जूनअखेरच्या एका रविवारी फोन हातात धरून मी मागच्या दारी गेले आणि तिथेच थबकले. गडद लाल डेलियाचं सगळ्यांत उंच झाड कमरेत मोडून पडलं होतं आणि बाजूच्या वाफ्यात फुटबॉल रुतून बसला होता. डेलियाचा देठ आतून पोकळ असतो. एकदा मोडला की जुळत नाही. ते कंद मी मार्चमध्ये कुंड्यांत लावले होते, दोन महिने खिडकीशी सांभाळले होते आणि थंडीचा शेवटचा तडाखा टळल्यावर मेअखेरीस बाहेर लावले होते. पहिल्या कळ्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. आईला म्हटलं, आज रेंज नाही, नंतर बोलू.

इंग्लंडमधलं आमचं हे घर शेजारच्या घराला जोडून आहे आणि दोन्ही बागांच्या मध्ये सहा फुटी फळ्यांचं कुंपण आहे. शेजारी दोन मुलं, एक नऊ वर्षांचा, एक बारा. त्यांचा गोल म्हणजे आमचं कुंपण. इथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणं उरकल्यावरही धप्प धप्प चालूच. प्रत्येक आवाजाला माझा जीव वर-खाली व्हायचा.

तरी तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. परक्या देशात आपण, त्यात नवे. कटकट करणारी बाई म्हणून नाव नको पडायला. शिवाय मुलं खेळणारच, आणि ती घरात स्क्रीनपुढे बसण्यापेक्षा अंगणात पळतात हे मला मनापासून आवडतं. ही दोन्ही कारणं खरी होती. पण न बोलल्यामुळे माझा राग मुरत गेला. मुलं दिसली की मी हसायचंही टाळू लागले, आणि त्यांना बिचाऱ्यांना कारणच माहीत नव्हतं.

मग ग्रीनहाऊसची काच फुटली. आमचं ग्रीनहाऊस जुनं, त्याला ३ मिलिमीटरची साधी काच. ही काच फुटते तेव्हा तिचे बारीक चौकोनी दाणे होत नाहीत, लांब सुऱ्यांसारखे तुकडे पडतात. रात्री टॉर्च जमिनीलगत आडवी धरून मी टोमॅटोच्या कुंड्यांतल्या कपच्या वेचत बसले. उजेड तिरपा पडला की मातीत कपची चमकते. हात हलला की दिसेनाशी होते. शेवटी त्या तीन कुंड्यांतली माती आणि लागलेले टोमॅटो सगळंच टाकून दिलं. ज्या मातीत रोज बोटं घालायची, तिच्यावर भरवसाच राहिला नव्हता.

त्या रात्री मी चेंडू उचलून शेडमध्ये ठेवला आणि परत दिला नाही. दोन दिवस.

त्या दोन दिवसांत इथला कायदा काय म्हणतो ते वाचून काढलं. आपल्या बागेत पडला तरी चेंडू ज्याचा त्याचाच राहतो. तो अडकवून ठेवणं चूक. मुलांनी मात्र न विचारता कुंपण ओलांडून आत यायचं नाही. मुलाने केलेलं नुकसान आई-वडिलांनी भरलंच पाहिजे असं आपोआप ठरत नाही, त्यांचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन मीटरपेक्षा उंच कुंपणाला साधारणपणे परवानगी लागते. आणि एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती: घर विकताना भरायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी लिहाव्या लागतात.

या वाचनातच १९७७ चा एक खटला भेटला. डरहॅम परगण्यातल्या लिंट्झ गावात १९०५ पासून क्रिकेट खेळलं जायचं. मैदानालगत नवी घरं झाली आणि चेंडू एका जोडप्याच्या बागेत यायला लागले. क्लबने कुंपण पंधरा फुटांच्या आसपास चढवलं, तरी चेंडू यायचेच. अपील कोर्टात शेजाऱ्यांना भरपाई मिळाली, पण खेळ बंद करायला न्यायाधीशांनी बहुमताने नकार दिला. ते वाचून वाटलं, इतक्या वर जाऊनही शेवटी राहायचं भिंतीला भिंत लावूनच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चेंडू घेऊन मी शेजारी गेले. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. पहिलं वाक्य मी घरूनच ठरवून गेले होते: ‘हा तुमचा चेंडू. दोन दिवस मी ठेवून घेतला, तसं करायला नको होतं.’ मग म्हटलं, पाच मिनिटं येता का, एक दाखवायचंय. ते आले, दोन्ही मुलं मागोमाग. मोडलेला डेलिया पाहून धाकटा गप्प झाला. ग्रीनहाऊसची रिकामी चौकट पाहिल्यावर वडील म्हणाले, ‘अहो, तेव्हाच का नाही सांगितलंत?’ या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ते कामावरून उशिरा येतात. चेंडू पलीकडे जातो एवढंच त्यांना ठाऊक होतं, इथे काय होतं ते नव्हतं.

कुणाकडे तक्रार जायच्या आधी, काही लिहायच्या आधी, नुकसान डोळ्यांनी दाखवा. परदेशात नव्याने राहायला आलेल्या प्रत्येकीला मी हे हात धरून सांगेन.

गोल आता त्यांच्या घराच्या भिंतीकडे वळवलाय. खेळताना कुंपणालगत खांबांवर जाळी लावतात, खेळ संपला की काढून ठेवतात. फुटलेल्या काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवलं, निम्मा खर्च त्यांनी स्वतःहून दिला. चेंडू आला तर दाराची बेल वाजवायची. मी घरी नसेन तर वाट पाहायची. मी ग्रीनहाऊसच्या त्या बाजूची नाजूक रोपं हलवून तिथे रोझमेरी लावली. तिच्या काटक फांद्या धक्का सोसतात.

चेंडू अजून येतो. ऑगस्टमध्ये दोनदा आला, सप्टेंबरमध्ये एकदा. त्या वेळी थोरला बेल वाजवून आत आला आणि चेंडू उचलण्याआधी वाफ्यापाशी वाकून काही मोडलंय का ते बघू लागला. जूनमध्ये मोडलेल्या डेलियाला खालच्या पेरांतून चार फुटवे आले होते, त्यातल्या एकावर फूल होतं. ‘हेच का ते?’ त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि चेंडू त्याच्या हातात दिला.