आईच्या चुलीला धुरांडे

संगमेश्वरजवळच्या आमच्या कौलारू घरात आज आईसाठी वैलाची, धुरांडे असलेली चूल बसवून झाली. गवंडीकाका नळी थेट वाशाला टेकवून तारेने बांधू लागले तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड आतून कोळपते आणि पुढे कमी उष्णतेवरही पेट घेऊ शकते. मग दोन कौले काढून, वाशापासून चांगले वीतभर अंतर सोडून, नळी पत्र्याच्या चौकटीतून बाहेर काढली आणि आढ्यापेक्षा २ फूट उंच नेली. ती आढ्याखाली राहिली असती, तर वाऱ्याच्या झोताने धूर उलटा स्वयंपाकघरात आला असता.

नळी गरम व्हावी म्हणून आधी थोडा कागद जाळला. नंतर आईने चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. धुराची बारीक रेघ क्षणभर थबकली आणि सरळ आत ओढली गेली. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे थंडीतसुद्धा खिडकी लावून घ्यायची नाही, हे मी तिला दोनदा बजावले.

संध्याकाळी भाकऱ्या भाजताना तिने एकदाही पदर डोळ्यांना लावला नाही.